पप्पांना सांग

२०२५च्या जानेवारीत, बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये, रात्री पावणेनऊच्या सुमाराला माझे मम्मी-पप्पा हरवले. म्हणजे मला तरी तसं वाटलं. मम्मीचं म्हणणं आहे की त्या रात्री हरवले ती मी, ते दोघं नाहीत. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, म्हणून जे झालं ते सगळं इथं लिहून ठेवते.

आधी थोडं घरचं सांगायला हवं. माझे पप्पा मालवाहू बोटीवर कुक होते. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. आमच्या बेळगावात 'बोटीवर असतात' एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. मम्मी-पप्पांचं लग्न जानेवारी २०००मध्ये झालं आणि त्याच वर्षी पप्पा पहिल्यांदा बोटीवर चढले. बावीस वर्षं हेच चाललं. एकदा मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला होता: त्या बावीस वर्षांत दोघं मिळून साडेपाच वर्षं एका घरात राहिली. मम्मीला आकडा सांगितला, तर म्हणाली, "एवढी? मला कमीच वाटलीत."

पप्पांचा फोन बंदरातून यायचा. कार्डावरचे पैसे संपायच्या आत सगळं बोलायचं असायचं. मम्मी रिसिव्हर कानाला लावायची, "हं... हं... बरं आहे सगळं" म्हणायची आणि माझ्या हातात द्यायची. मग शेजारी उभी राहून हळूच सांगायची: पप्पांना सांग, गॅसचे पैसे दिले. पप्पांना सांग, छपराचं काम पावसाच्या आधी करायला पाहिजे. पप्पांना विचार, खोकला गेला काय? मी पोपटासारखं सगळं सांगायची. पलीकडून पप्पाही तेच करायचे: "मम्मीला सांग, पैसे पुढच्या आठवड्यात येतील." मला त्याचा केवढा अभिमान होता! वर्गातल्या कुणावर एवढी जबाबदारी नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पप्पा कायमचे घरी आले. पण सवय गेली नाही. पप्पा हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असतात, मम्मी स्वयंपाकघरातून मला म्हणते, "पप्पांना विचार, चहा घेणार काय?" मधे एक दार आहे, तेही उघडंच असतं. मी विचारते, पप्पा मला 'हो' म्हणतात, आणि मी तो 'हो' आत नेऊन देते.

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. हॉलमध्ये केक कापून पन्नास माणसांना बिर्याणी घालण्यापेक्षा दोघांनी कुठंतरी जाऊन यावं, असा हट्ट मीच धरला. थायलंडला आपल्याला तेव्हा व्हिसा लागत नव्हता आणि बंगळूरुहून विमानानं चार तासांत पोचता येतं. शिवाय पप्पा कधीपासून सांगत आले होते की बँकॉक त्यांना पाठ आहे. मम्मी तयार झाली, पण एका अटीवर. "तू चल. त्या मोबाईलमधलं आम्हाला काय कळतंय?" म्हणजे पंचविसाव्या वर्षी नवरा-बायको फिरायला निघाली आणि मधल्या सीटवर मी!

बँकॉक पप्पांना पाठ नव्हतं. हे विमानातच बाहेर आलं. त्यांची बोट अकरा वेळा थायलंडला लागली होती, पण ती लेम चाबांगला. ते बंदर शहरापासून शंभरावर किलोमीटर दूर आहे. क्रेन, कंटेनर, बंदराच्या गेटबाहेरचं एक दुकान, तिथं घेतलेलं फोनचं कार्ड, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. "कुकला कुठली सुट्टी? बोट लागली की उलट जास्त माणसं जेवायला असतात," ते खिडकीकडे बघत म्हणाले. लहानपणी मी वर्गात सगळ्यांना सांगायची की माझ्या पप्पांनी अख्खं जग पाहिलंय. मम्मी काहीच बोलली नाही. पर्समधून लिमलेटची गोळी काढून मला दिली. "पप्पांना दे. कान दुखतात त्यांचे."

हॉटेल हुआ लाम्फोंग या जुन्या रेल्वे स्टेशनजवळ होतं. पहिल्याच दिवशी रविवार आला, म्हणून मिस्सासाठी जवळचं चर्च शोधलं. चालत पंधरा-वीस मिनिटांवर, नदीकाठी, तालात नोई नावाच्या जुन्या वस्तीत होली रोझरी चर्च आहे. अयुथया ही सयामची जुनी राजधानी १७६७मध्ये बर्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली. तेव्हा तिथले पोर्तुगीज ख्रिस्ती नदीनं खाली आले. त्यांतल्या काहींनी पुढे या ठिकाणी आपलं चर्च उभं केलं. आजची उंच मनोऱ्याची इमारत १८९७ची. तिथले लोक या चर्चला 'कालावा' म्हणतात. हा शब्द 'काल्व्हारियो'वरून आलाय, म्हणजे आपली कालवारी, ख्रिस्ताच्या क्रुसाचा डोंगर. पप्पांना हे फार आवडलं. दिवसभर ते मधेच 'कालावा, कालावा' म्हणत होते.

मिस्सा थाई भाषेत होती. एक शब्द कळत नव्हता, पण कुठं उठायचं, कुठं गुडघे टेकायचे, हे शरीराला ठाऊक होतं. पप्पा सगळी उत्तरं हळू आवाजात मराठीत देत होते. शांतीची भेट देताना तिथली माणसं एकमेकांना हात जोडून नमस्कार करतात, अगदी आपल्यासारखाच. मम्मी वळून सगळ्यांना नमस्कार करत सुटली. शेवटी तिच्या शेजारी पप्पा होते. त्यांनाही तिनं तसाच नमस्कार केला, अनोळखी माणसाला करावा तसा. मला हसू आलं, पण ती हसली नाही.

मंगळवारी रात्री आम्ही याओवरातला गेलो. याओवरात हा चायनाटाउनचा मुख्य रस्ता, जेमतेम दीड किलोमीटरचा. १७८२मध्ये पहिल्या रामा राजानं नदीच्या या काठावर राजवाडा बांधायला घेतला, तेव्हा तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना इकडे जागा दिली. पुढे शंभरेक वर्षांनी पाचव्या रामाच्या काळात हा रस्ता झाला. नावाचा उलगडा मला तिथंच झाला. थाई उच्चारात आपला 'राज' हा 'रात' होतो, आणि याओवरात म्हणजे 'युवराज'! मराठी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी भर रस्त्यात ओरडलेच. पप्पा म्हणाले, "मम्मीला सांग." मम्मी दोन हातांवर उभी होती.

चिनी नववर्ष दोन आठवड्यांवर आलं होतं. रस्त्यावर लाल कंदील लावलेले होते. दोन्ही बाजूंना चिनी अक्षरांच्या उभ्या पाट्या, लाल-पिवळ्या-हिरव्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. फुटपाथवर स्टीलची टेबलं आणि प्लास्टिकची स्टुलं. शेगड्यांवर कोळंबी आणि माकूल भाजत होते. एका कढईत तिसऱ्यांच्या जातीतले कालव अंड्यात घालून तळत होते. एका हातगाडीवर आंब्याच्या फोडी आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. टुकटुक, बस, मोटारसायकली आणि माणसं, सगळी एकाच रस्त्यानं. गणपतीच्या शेवटच्या रात्रीची आपली बेळगावची गर्दी आठवली, फक्त ढोल नव्हते.

पप्पा एकदम वेगळे झाले. प्रत्येक कढईपाशी थांबायला लागले. "हा वास बघ, फिश सॉसचा. हे डुकराच्या हाडांचं सूप, मिरी पांढरी घातलीय." एका म्हाताऱ्या बाईच्या गाडीपाशी तर बोटांच्या खुणांनी पाच मिनिटं गप्पा मारल्या. 'आरोय' म्हणजे चविष्ट, एवढा एकच थाई शब्द त्यांना येत होता. तो त्यांनी सात-आठ वेळा वापरला. म्हातारी खूश. मम्मी दोन पावलं मागं उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. या माणसाला एवढं बोलता येतं हे तिला नवं असावं. मलाही नवंच होतं.

मग मला त्या कालवांच्या आमलेटची रांग दिसली. मी दोघांना म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा, या सोन्याच्या दुकानासमोर. लाल पाटीचं दुकान. हलू नका." आणि रांगेत गेले.

पंचवीस मिनिटांनी डबा घेऊन परत आले तर दोघं नाहीत.

आता माझी चूक सांगते. याओवरातवर सोन्याची दुकानं डझनांनी आहेत. सगळी लाल, सगळ्यांवर सोनेरी अक्षरं, आणि मला चिनी येत नाही, थाईही येत नाही. मी ज्या दुकानासमोर उभी होते ते तेच होतं की नाही, हेच मला सांगता येईना. तिथलं सिमकार्ड फक्त माझ्या फोनमध्ये होतं. त्यांचे फोन माझ्या हॉटस्पॉटवर चालायचे. हॉटेलचं कार्डही माझ्याच पर्समध्ये. 'तुमच्याकडून हरवेल' म्हणून मीच ठेवून घेतलं होतं. पैशांचं पाकीट तेवढं पप्पांकडे होतं.

मी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग समोरच्या बाजूनं परत आले. प्रत्येक लाल दुकानासमोर थांबले. "मम्मी!" अशी हाक मारली की बाकीच्या लोकांच्या मुली वळून बघायच्या. एका पोलिसाला दोघांचा फोटो दाखवला. त्यानं तो आस्थेनं पाहिला, गर्दीकडे हात केला आणि खांदे उडवले. मी हॉटेलवर धावले, तिथंही नव्हती. परत आले. साडेदहा वाजून गेले होते. आमलेट पिशवीत थंड झालं होतं. खरं सांगते, मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडले. मनात एकच येत होतं: ती दोघं कुठंतरी गर्दीत उभी असतील, एकमेकांशी एक शब्द न बोलता. मधे मी नसताना ती बोलणार तरी कशी?

रडताना लहानपण आठवतं हे खरं आहे. दर तीन डिसेंबरला आम्ही चोर्ला घाटातून जुन्या गोव्याला जायचो, संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला. पप्पा बहुतेक वेळा बोटीवरच असायचे. त्या गर्दीत शिरायच्या आधी मम्मी माझा दंड घट्ट धरून सांगायची, "हरवलीस तर कुणाला विचारत फिरू नको. चर्चच्या दाराशी येऊन उभी राहा. मी तिथंच येतो."

मी उठले. याओवरात सोडून तालात नोईच्या दिशेनं निघाले. मागचा सगळा उजेड दोन वळणांत संपला. तो भाग जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा आहे. बंद दुकानांबाहेर इंजिनं आणि गिअरबॉक्स एकावर एक रचलेले असतात, रस्त्याला ग्रीसचा वास येतो. एक कुत्रा माझ्या मागोमाग आला. आमलेटसाठी असावा.

चर्चच्या आवाराचं फाटक बंद होतं. फाटकाला लागून एक कट्टा होता, आणि कट्ट्यावर दोघं बसली होती. मधे कागदी पिशवी. पप्पा भाजलेले चेस्टनट सोलत होते आणि सोललेले मम्मीच्या तळहातावर ठेवत होते.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि थांबले, कारण मम्मी बोलत होती.

"तिसऱ्या दिवशी तर डोळेच उघडीनात. पण बाहेर गाडीचा आवाज आला की विचारायची, आला काय? मी म्हणायची, येतोय, वाटेत आहे. किती वेळा म्हटलं असेन. शेवटचं पाणी मीच घातलं, तुझं नाव घेऊन."

'तुझं.' माझ्यासमोर मम्मी पप्पांना कधी अरे-तुरे करत नाही.

ती माझ्या आजीबद्दल बोलत होती. पप्पांची आई २०१३मध्ये गेली. पप्पा तेव्हा भर समुद्रात होते. मी नऊ वर्षांची. ते तीन दिवस मला मावशीकडे ठेवलं होतं. पप्पांचा फोन आला तो आठ दिवसांनी, आणि नेहमीप्रमाणे रिसिव्हर माझ्या हातात आला. मला शिकवलेलं वाक्य मी न अडखळता म्हटलं: "पप्पा, आजी झोपेत गेली. काही त्रास झाला नाही." मला ते खरं वाटत होतं. त्या रात्रीपर्यंत खरंच वाटत होतं.

"पण पोरगी तर म्हणाली होती..." पप्पा म्हणाले.

"पोरीला मीच सांगितलेलं तसं म्हणायला. तू समुद्रावर. खरं सांगून काय केलं असतंस? उडी मारली असतीस?"

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. हातातला चेस्टनट तसाच होता. मग म्हणाले, "नंतर तरी सांगायचं होतंस गं मला."

"कुणाच्या तोंडून? तिच्या?"

मी मागं सरकले. एका इंजिनांच्या ढिगाच्या आडोशाला उभी राहिले. दोन तास मी ज्यांच्यासाठी शहर पालथं घातलं होतं ती दहा पावलांवर होती, आणि मला पुढं जाता येत नव्हतं. राग आला होता, हेही लिहायला हवं. बारा वर्षं मी ते वाक्य सांभाळलं होतं. आजीची आठवण निघाली की मीच सगळ्यांना सांगायची, झोपेत गेली, किती छान मरण. आणि वाईटही वाटलं. फोनवरच्या त्या सगळ्या निरोपांत मम्मीला सांगायचं होतं ते किती राहून गेलं असेल? लेकराच्या तोंडी घालता येईल तेवढंच ती सांगत आली. आणि मी मधे आहे म्हणून घर चाललंय, असं मला वाटत आलं.

पप्पा रडत होते. मम्मीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. ती नुसती बसून राहिली. मग पिशवीतला एक चेस्टनट काढून सोलायला लागली. तिला ते जमत नव्हतं. पप्पांनी डोळे पुसले आणि तो तिच्या हातातून घेतला.

मी आणखी थोडी थांबले. मग मुद्दाम पाय वाजवत पुढे गेले.

"कुठं गेलतीस गे?" मम्मी म्हणाली. "कवापासनं वाट बघालोय!"

मी म्हटलं, "मी? तुम्ही हरवलात! मी पोलिसापर्यंत गेले!"

"आम्ही कशाला हरवतो? आम्ही दोघं एकत्रच होतो की. एकटी तू होतीस."

मग कळलं ते असं. चेस्टनटचा वास आला म्हणून पप्पा चार दुकानं पुढं गेले, मम्मी त्यांच्या मागं गेली, आणि परत फिरले तेव्हा त्यांनाही सगळी दुकानं लालच दिसली. अर्धा तास थांबून मम्मी म्हणाली, पोरगी चर्चलाच येणार, तिला तसंच शिकवलंय. रस्ता पप्पांनी काढला. नदी कुठल्या बाजूला आहे ते त्यांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. "कुक असलो म्हणून काय, बोटीवरचाच माणूस आहे." बाकी वाटेत दिसेल त्याला 'कालावा?' विचारत आले, आणि लोकांनी हात दाखवला. सव्वानऊपासून दोघं त्या कट्ट्यावर होती.

थंडगार आमलेट आम्ही तिघांनी तिथंच बसून खाल्लं. थोडं कुत्र्याला घातलं. पप्पा म्हणाले, "आरोय." परत जाताना मी दोघांच्या मागून चालले. ती काही हातात हात घालून वगैरे चालली नाहीत. पण पप्पांच्या चालण्याचा वेग कमी झाला होता. मम्मीचे गुडघे दुखतात, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

बेळगावला परत आल्यावर सगळं बदललं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "पप्पांना विचार, चहा..." काही वेळा मी विचारते. काही वेळा कानात हेडफोन असल्याचं सोंग करते. मग थोडा वेळ शांतता होते, आणि कप घेऊन मम्मी स्वतःच बाहेर येते. गेल्या दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आजीच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला पहिल्यांदाच ती दोघंच गेली. मला कुणी 'चल' म्हटलं नाही. मी घरी बसून अभ्यास केला, म्हणजे पुस्तक उघडं ठेवलं.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मम्मीला वाचून दाखवला. अरे-तुरेचं काढून टाक म्हणाली, मी नाही म्हटलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पप्पांना सांग, तू हे असलं..." आणि मधेच थांबली. माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा शोधला आणि बाहेर अंगणात गेली. पप्पा तिथं झाडांना पाणी घालत होते.